‘भरलं का’ म्हणून रोज वाकवलेलं बोट

“बोटाचं दुखणं ते काय, पण दोन महिने होत आले तरी बरं होईना. माझंच काही चुकतंय का?” सोलापुरात समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. शिलाई मशीनवरच्या बायका विचारतात, यंत्रमागावरचे कामगार विचारतात, झेल घेताना बोट दुखावलेली कॉलेजची मुलंही विचारतात. त्यातली एक हकिकत सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

अक्का विड्या वळतात. गादीखाली चादर खोचताना डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक खाली झुकलं, ते वर येईना. डॉक्टरांनी एक्स-रे काढून प्लास्टिकची टोपी बसवली. सात आठवडे झाले होते आणि बोट जिथल्या तिथे. झोप उडालेली. घरात कुणी काही बोललेलं नसताना “बसून खाते म्हणतील” ही धास्ती.

“टोपी कायम असते?” मी विचारलं.

“कायम की ओ मॅडम. सकाळी चहाच्या वेळेला तेवढी काढते.”

“कशाला?”

“भरलंय का बघाया. वाकवून बघितल्याशिवाय कळणार कसं?”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची. दुखण्यापेक्षा ‘आत्ताच बरं व्हायलाच पाहिजे’ हा हट्ट माणसाला जास्त छळतो, असं मी मानते. पण इथे हट्ट नुसता मनात नव्हता, तो रोज सकाळी हाताने काम करत होता. बोटाचं टोक उचलणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, नखाच्या मुळाशी अगदी पातळ असते. ती तुटली की दोन्ही टोकं सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस चोवीस तास टोक सरळ राहावं लागतं. मधे एकदा जरी ते खाली पडलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. अक्कांचे सात आठवडे म्हणजे खरं तर एकही दिवस नव्हता.

हे त्यांना तसंच सांगितलं असतं तर त्या रडल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकवून बघितलं असतं. मी वेगळंच विचारलं. “विडीची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळता, ती मऊ झाली का हे दर पाच मिनिटांनी उघडून बघता का?”

“छे ओ! वारं लागलं की कडक होतात. कापताना फाटतात मग.”

एवढं बोलून त्या थांबल्या. मीही थांबले. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते. ती आवरणं हेच निम्मं काम. बऱ्याच वेळाने त्यांनी बोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मीच वारं लावलं.”

त्या वाक्यात अपराधी भाव होता, तो मी तिथेच अडवला. बघणं ही काळजीच होती, फक्त जागा चुकली होती. ‘बघू नका’ म्हणून ती जात नाही, तिला दुसरं काम द्यावं लागतं. बघावंसं वाटलं की टोपी तशीच ठेवून बोटाचं मधलं पेर दहा वेळा वाकवायचं. ते वाकवलेलं चालतं, उलट वाकवलं नाही तर आखडतं. मग कॅलेंडरवर रेघ. बोट मोजायचं नाही, दिवस मोजायचे. विड्यांचे कट्टे मोजणाऱ्या बाईला हे शिकवावं लागलं नाही.

टोपी धुण्याची रीत त्यांच्या डॉक्टरांकडून पक्की करून घेतली, कारण घोटाळा नेमका तिथे होतो. हात टेबलावर पालथा, बोट सपाट. टोपी पुढे सरकवून काढायची, टोक टेबलावरून उचलायचं नाही. कातडी पुसून पूर्ण कोरडी करायची, नाहीतर पांढरी पडून सोलते. मग दुसऱ्या हाताने टोकाला खालून आधार देत टोपी परत. एकट्याने जमत नसेल तर घरातलं कुणीतरी हवं. तेल लावून चोळणं, ओढून सरळ करून घेणं बंद. मिश्रीही सोडायला सांगितली. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला उशीर होतो. (मिश्री अर्धीच सुटली, हेही सांगायला हवं.) टोक काळं-निळं पडलं, बधिर झालं, पू आला किंवा लाली वर चढू लागली, तर माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरांकडे.

नव्याने मोजलेल्या आठव्या आठवड्यानंतर डॉक्टरांनी टोपी दिवसा काढली, रात्रीची आणखी महिनाभर ठेवली. टोक अजून किंचित झुकतं. वरच्या पेरावर लालसर फुगवटा आहे, तो काही महिने राहू शकतो. परवा तोच पुढे करून अक्का म्हणाल्या, “हे कधी जाईल ओ?”

“दिवसातून किती वेळा बघता?”

त्या हसल्या. “दोनदाच.”