ब्राउझरनिहाय वेगळा कोड लिहावा, की वेब मानकांनाच धरून राहावे?

एका ब्राउझरमध्ये नीट दिसणाऱ्या पानाचे रकाने दुसऱ्यात खाली घसरतात, तेव्हा त्या ब्राउझरपुरता वेगळा कोड घालावा का, असे आपण विचारले आहे. आधी मानकाप्रमाणे, म्हणजे सर्व ब्राउझरांसाठी ठरलेल्या समान नियमांप्रमाणे लिहावे आणि ठिगळ लावावेच लागले, तर ते पुढे सहज उसवता येईल असे लावावे, असे माझे ठाम मत आहे.

पानाची मांडणी व रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या १९९६ च्या मानकानुसार 'विड्थ' म्हणजे केवळ आतल्या मजकुराची रुंदी. त्यामुळे ३०० पिक्सेल विड्थ, दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग (मजकूर आणि कड यांमधील मोकळी जागा) आणि ५ पिक्सेल बॉर्डर (कड) दिली, की चौकट ३५० पिक्सेल जागा घेते. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र हे सारे ३०० मध्येच बसवत असे आणि मजकुराला २५० पिक्सेल उरत. २००१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीने योग्य डॉकटाइप (पान कोणत्या मानकाप्रमाणे लिहिले आहे, हे सांगणारी पहिली ओळ) असलेल्या पानांसाठी मानकाची रीत स्वीकारली. डॉकटाइप नसेल तर जुनीच रीत चाले. रुंदी मोजण्याच्या या फरकामुळे रकाने शेजारी-शेजारी मावत नाहीत, म्हणून ते घसरले, की प्रथम पानाची पहिली ओळ तपासावी. (पॅडिंग आत धरण्याची ती जुनी रीत सोयीची होती, हेही खरे, पुढे 'बॉक्स-सायझिंग' या गुणधर्माद्वारे तिला मानकातच जागा मिळाली.)

ब्राउझरचे नाव वाचून कोड बदलणे तर कटाक्षाने टाळावे. ऑपेरा या ब्राउझरची दहावी आवृत्ती आली, तेव्हा आवृत्तीचा पहिलाच अंक वाचणाऱ्या अनेक स्क्रिप्ट तिला पहिली आवृत्ती समजत. त्यामुळे ऑपेराला आपल्या ओळखीत ९.८० हाच आकडा कायम ठेवावा लागला. त्याऐवजी हवी ती सुविधा उपलब्ध आहे का, हेच ब्राउझरला विचारावे. सीएसएसमध्ये '@सपोर्ट्‌स' हा नियम त्यासाठीच आहे.

तरीही एखाद्या ब्राउझरमधील खराखुरा दोष चुकवावा लागतोच. तेव्हा तो कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा आणि कोणत्या आवृत्तीतील कोणत्या दोषासाठी तो आहे, हे शेजारीच नोंदवावे. मी सांभाळायला घेतलेल्या एका स्टाइलशीटमध्ये (सीएसएसच्या फाइलमध्ये) 'हाइट: १%' ही ओळ जागोजागी विखुरलेली होती आणि कारण कोठेच लिहिलेले नव्हते. एका जुन्या ब्राउझरमधील चौकटींचा दोष टाळण्यासाठी ती घातली होती, हे कळेपर्यंत माझा दिवस गेला. तो ब्राउझर तर केव्हाच वापरातून गेला होता.