अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीतल्या माजी सैनिकांची यादी करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही आयोवातल्या एका छोट्या काउंटीत राहता, तिथल्या इतिहास मंडळाला काउंटीतल्या सगळ्या माजी सैनिकांची यादी हवी आहे, आणि त्यासाठी आधी सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागाराला लिहावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नको. आधी काउंटीचं कोर्टहाउस गाठा.

कारण त्या अभिलेखागाराला 12 जुलै 1973 ला लागलेली आग. 1 नोव्हेंबर 1912 ते 1 जानेवारी 1960 या काळात आर्मीतून सुटलेल्यांच्या सुमारे 80 टक्के फायली त्या आगीत गेल्या. त्यांच्या नकला नव्हत्या, मायक्रोफिल्मही नव्हती. नौदल आणि मरीनच्या फायली वाचल्या. पण घरी परतलेले बरेच सैनिक डिस्चार्जचा, म्हणजे सेवामुक्तीचा कागद काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे कागदपत्रं नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवून ठेवत, हरवला तर नक्कल मिळावी म्हणून. ती रजिस्टरं आजही तिथे असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाचा 53-55 क्रमांकाचा फॉर्म मिळाला, तर एकाच कागदावर तुकडी, लढाया, पदकं, जखमा, परदेशी गेल्याच्या आणि परतल्याच्या तारखा सापडतात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नोंदणी सक्तीची नव्हती, त्यामुळे रजिस्टर अपुरंच असणार. आणि जुलै 1969 पासून आर्मीचा सेवा क्रमांक म्हणजेच सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे माणसाचा खाजगी ओळख क्रमांक, त्यामुळे व्हिएतनामच्या काळातल्या कागदांचे फोटो काढू नका. कोणती पानं बघता येतील हे राज्याच्या कायद्यावर ठरतं, रेकॉर्डरलाच विचारा.

सेंट लुईसला 180 क्रमांकाचा फॉर्म, म्हणजे सेवेची फाइल मागण्याचा अर्ज, पाठवायचा तो यानंतर, आणि मोजक्याच नावांसाठी. सेवा संपून 62 वर्षं झाली असतील तर फाइल कुणालाही मिळते, त्याआधी पूर्ण फाइल फक्त त्या सैनिकाला, किंवा तो हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकांना. फाइल जळाली असं उत्तर आलं, तर त्या तुकडीचे मॉर्निंग रिपोर्ट, म्हणजे तुकडीत कोण आलं-गेलं याचे रोजचे अहवाल, मागा. त्यासाठी तुकडीचं नाव आणि महिना लागतो, आणि तो डिस्चार्जच्या कागदावर असतो.

नावं गोळा करण्याआधी मंडळात एक गोष्ट ठरवून घ्या: ‘काउंटीचा सैनिक’ म्हणजे कोण? इथे जन्मलेला, इथून भरती झालेला, की इथे पुरलेला? तिन्हींसाठी वेगळे रकाने करा आणि प्रत्येक खुणेपुढे पुरावा लिहा. हे राहिलं की यादी फुगते, आणि तोच माणूस शेजारच्या काउंटीच्या यादीतही सापडतो.

दुसऱ्या महायुद्धासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आर्मी भरतीची सुमारे 90 लाख नावं आहेत आणि काउंटीनुसार शोधता येतात. सेवा क्रमांक नीट बघा. 1 ने सुरू झाला तर स्वेच्छेने भरती, 3 म्हणजे सक्तीची, 20 म्हणजे नॅशनल गार्ड, राज्याचं अर्धवेळ सैन्य. महिला दलातल्या शिपायांच्या क्रमांकाआधी ‘ए’ असतो. त्यांची नोंद माहेरच्या आडनावानेही शोधा. या नोंदी पंचकार्डांच्या मायक्रोफिल्मवरून यंत्राने वाचल्या आहेत, त्यामुळे स्पेलिंगं बिघडलेली असतात. नौदल यात नाही, आणि माणूस पुढे कोणत्या तुकडीत गेला तेही नाही.

मृतांसाठी आर्मीची 1946 ची काउंटीवार यादी बघा. नावापुढे संक्षेप असतात: केआयए म्हणजे लढाईत ठार, डीओडब्ल्यू जखमांनी मृत्यू, डीएनबी लढाईबाहेर, एफओडी म्हणजे बेपत्ता असल्याने कागदोपत्री मृत ठरवलेला. वर्तमानपत्रावर एकट्यावर विसंबू नका. मॉन्टगोमेरी काउंटीचं उदाहरण घ्या. रेड ओकची एम कंपनी आणि व्हिलिस्काची एफ कंपनी 168 व्या इन्फन्ट्रीत, म्हणजे पायदळाच्या रेजिमेंटमध्ये होती. फेब्रुवारी 1943 मध्ये ट्युनिशियात फैद खिंडीजवळच्या लढाईत त्या रेजिमेंटचे शेकडो जण वेढले गेले आणि मार्चमध्ये रेड ओकला ‘बेपत्ता’च्या तारांची रांग लागली. त्यातले बरेच नंतर जर्मन युद्धकैदी म्हणून जिवंत निघाले. त्या आठवड्याचा अंक बघून यादी केली, तर जिवंत माणसं मृतांत जातील. म्हणून अशा प्रत्येक नावासाठी युद्धकैद्यांची नोंदही तपासा.

पहिल्या महायुद्धात सगळ्यात मोठी चूक होते ती ड्राफ्ट कार्डांमुळे, म्हणजे सक्तीच्या भरतीसाठी नाव नोंदवल्याच्या कार्डांमुळे. 1917-18 मध्ये सुमारे 2 कोटी 40 लाख पुरुषांनी कार्डं भरली, त्यातले बहुतेक सैन्यात गेलेच नाहीत. कार्ड हा सेवेचा पुरावा नाही.

यादवी युद्धासाठी आयोवाचं नशीब बरं आहे. 1915 च्या राज्य जनगणनेच्या कार्डांवर रेजिमेंट आणि कंपनी विचारली होती, आणि राज्याच्या सैनिकांची सहा खंडांची छापील नामावली आहे. 1890 ची माजी सैनिकांची जनगणना बघा असा सल्ला सगळीकडे मिळेल, पण तिची मुख्यतः अर्ध्या केंटकीची आणि अकारविल्हे लुइझियानापासून वायोमिंगपर्यंतच्या राज्यांची पानंच टिकली. आयोवासाठी तिच्यामागे वेळ घालवू नका.

थडगी शेवटी, पण प्रत्यक्ष जाऊनच. जुन्या सरकारी दगडावर बहुधा कंपनी आणि रेजिमेंट कोरलेली असते. अक्षरं पुसट असतील तर आरशाने बाजूने तिरपा उजेड पाडा. खडू किंवा दाढीचा फेस लावू नका, दगड खराब होतो. थडग्याशेजारच्या धातूच्या झेंडा-खुणेवर मात्र भरवसा ठेवू नका. गवत कापणारे ती उचलतात आणि परत लावताना शेजारच्या थडग्याला लावतात.