तलावाकाठचं निळ्या फुलांचं चिकट रोप कोणतं?

पाझर तलावाच्या काठी, पावसाळा सरताना दिसणारं हे रोप बहुधा हायड्रोलिया झेलॅनिका. फूल साधारण सेंटिमीटरभर, गडद निळं, मध्ये पांढरट. खात्रीसाठी भिंगातून फूल पाहा: पुंकेसर (परागकण धरणारे नर तंतू) ५, बुडाशी रुंदावलेले, परागवाहिन्या (बीजकोशावरच्या मादी दांड्या) २, वेगवेगळ्या. ही दोन्ही लक्षणं दिसली की ओळख जवळपास पक्की. चिकटपणा निदलांवरच्या (फुलाखालच्या हिरव्या दलांवरच्या) चिकट स्राव सोडणाऱ्या केसांमुळे येतो, म्हणून पानापेक्षा कळीखालचा भाग चिमटीत धरून बघा.

गफलत होते ती ट्रायकोडेस्मा या दुसऱ्या रोपाशी. तेही वर्षायू (एका वर्षात जीवन संपणारं) आणि फूल फिकट निळं, पण कोरड्या माळावर, बांधावर उगवतं. फूल खाली झुकलेलं, परागकोशांचा (पुंकेसरांच्या टोकावरच्या परागाच्या पिशव्यांचा) सुळका पुढे आलेला. त्याचे केस राठ, खरखरीत असतात, चिकट नव्हेत.