तराजू धरलेली ती स्त्री कोण?

रोमन सम्राट गॅलिएनसच्या नाण्यामागे तराजू धरून उभी असलेली स्त्री राणी की देवी, आणि अशा आकृत्या नुसत्या शोभेच्या असतात का, असं तुम्ही विचारलंत.

राणी नाही. ती एक्विटास, न्याय्य व्यवहाराचं मूर्त रूप. रोमनांनी असे कितीतरी गुण स्त्रीरूपात नाण्यांवर आणले. आपण मूर्ती आयुधांवरून ओळखतो, तसं यांना हातातल्या वस्तूवरून ओळखायचं. ऑलिव्हची फांदी म्हणजे बहुतेक वेळा पॅक्स, शांती. सापाला भरवणारी सालुस, आरोग्य. एका हातात फूल आणि दुसऱ्या हाताने वस्त्राचा काठ उचललेला, ती स्पेस, आशा. कणसं आणि धान्याचं माप असेल तर अनोना, रोमचा धान्यपुरवठा. पण तराजू मोनेटाच्याही, म्हणजे टांकसाळीच्या देवीच्याही, हातात असतो, म्हणून चित्रावर थांबू नका, कडेची अक्षरं वाचा. तिथे यूच्या जागी व्ही कोरलेला असतो. गुणाच्या नावापुढे 'एव्हीजी' दिसलं की तो गुण ऑगस्टसचा, म्हणजे सम्राटाचा.

आणि शोभेच्या तर मुळीच नाहीत! सैनिकाचा पगार नाण्यांत व्हायचा, त्यामुळे सम्राटाला जे सांगायचं ते थेट त्याच्या हातात पडायचं. इ.स.पू. २८ मध्ये पहिला सम्राट ऑगस्टस याने मगर आणि 'इजिप्त जिंकला' एवढेच शब्द छापले. घडलेलं सांगितलं, विषय संपला. गॅलिएनसचं तसं नव्हतं. इ.स. २६० मध्ये त्याचे वडील व्हॅलेरियन इराणचा राजा शापूर याच्या कैदेत गेले, गॉल (आजच्या फ्रान्सच्या बाजूचा प्रदेश) साम्राज्यातून फुटून निघाला, आणि त्याच्या नाण्यातली चांदी घसरत शेवटी जेमतेम काही टक्क्यांवर आली. त्याच नाण्यावर प्रामाणिक मापाचा तराजू! 'फिदेस मिलितुम', सैन्याची निष्ठा, हीसुद्धा त्याच्या नाण्यांवर पुन्हा पुन्हा येते. २६८ मध्ये मिलानच्या वेढ्यात त्याला मारलं ते त्याच्याच अधिकाऱ्यांनी.

याला निव्वळ खोटा प्रचार म्हणणं मला पटत नाही. जे हातातून निसटत होतं, तेच तो नाण्यावर मागत होता असं मला वाटतं. म्हणून मागची बाजू वाचताना साल आणि धातू दोन्ही समोर ठेवा.

तुमच्या नाण्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट आहे का, तेही बघा. असेल आणि नाणं सोन्याचं नसेल, तर ते बहुधा अँटोनिनियनस. सम्राट कॅराकालाने २१५ मध्ये सुरू केलेला हा प्रकार दोन डेनारियसच्या, म्हणजे रोमच्या नेहमीच्या दोन चांदीच्या नाण्यांच्या, किमतीचा मानतात. याच नाण्यांवर सम्राज्ञी असेल तर मुकुटाऐवजी खांद्यांखाली चंद्रकोर असते.