कालव्याच्या काठाने पहिली लांब सायकल टूर करायची आहे. कोणता मार्ग घ्यावा? सायकल कशी हवी? सपाट वाटेचा कंटाळा येत नाही का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: जुन्या कालव्यांच्या काठाने जाणाऱ्या मार्गांपैकी पहिल्या लांब टूरसाठी कोणता बरा, त्यासाठी सायकल कशी हवी, आणि दिवसभर पाण्याशेजारच्या सपाट वाटेवर पेडल मारून माणूस कंटाळत नाही का.

मी दक्षिण फ्रान्समधला बोर्दो ते सेत हा मार्ग सुचवेन, कसलाही आडपडदा न ठेवता. कंटाळ्याचं म्हणाल तर तो येतो, पण कालव्याला चिकटून राहिलात तरच. दिवसातून एकदा तरी कालवा सोडायचा, आजूबाजूच्या टेकड्यांत शिरायचं आणि संध्याकाळी परत पाण्याकडे यायचं. असं केलंत तर हा मार्ग रोज वेगळा वाटतो. शिवाय कालवा तिथून का गेला, हेही कळत जातं.

बोर्दो अटलांटिकच्या बाजूला, सेत भूमध्य समुद्रावर. अंतर पाचशे किलोमीटरच्या थोडं वर. घाई करायची नसेल तर दहा-बारा दिवस धरा.

सुरुवातीला कालवा नाहीच. बोर्दोहून सोव्हतेर द गुयेनपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर केलेली डांबरी सायकलवाट आहे, साधारण 55 किलोमीटरची. 1937 ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रोजे लापेबीचं नाव तिला दिलंय. त्याच वर्षी त्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला पहिल्यांदा परवानगी मिळाली होती. द्राक्षमळे, हलके चढउतार, मधूनच जुनं स्टेशन. पाय मोकळे करायला उत्तम. पुढे छोट्या रस्त्यांनी तुम्ही गारोन कालव्यावर उतरता आणि तिथून तुलूझपर्यंत जवळजवळ सगळी वाट डांबरी आहे.

गारोन कालवा 193 किलोमीटरचा, 1856 मध्ये पूर्ण झालेला. दुसऱ्याच वर्षी शेजारून बोर्दो-सेत रेल्वे सुरू झाली, त्यामुळे बिचाऱ्याला सुगीचे दिवस फारसे लाभले नाहीत. या टप्प्यात दोन ठिकाणी वेळ काढा. आजां गावात हा कालवा गारोन नदीच्या वरून जातो, 23 कमानींच्या, अर्धा किलोमीटरहून लांब दगडी पुलावरून. तुमच्या बाजूला शांत पाणी असतं, कठड्यापलीकडे खाली नदी वाहत असते, आणि एखादी बोट तुमच्याच वेगाने पूल ओलांडत असते. दुसरं ठिकाण मुआसाक. तिथल्या मठाचं 1100 सालचं खांबांनी वेढलेलं अंगण बघायला अर्धा दिवसही कमी पडतो. मोंतेशजवळ 1974 मध्ये बांधलेला पाण्याचा उतार आहे: दोन इंजिनं मिळून बोटीसकट पाण्याचा एक गठ्ठाच ढकलत वर न्यायची. आता ते बंद आहे, पण यंत्रणा बघता येते.

तुलूझनंतर सुरू होतो कानाल द्यु मिदी. माझा खरा जीव या कालव्यावर आहे, त्यामुळे याच्यावर जरा सविस्तर लिहितो.

240 किलोमीटरचा हा कालवा 1666 ते 1681 या काळात बांधला गेला. त्याच्या मागे लागलेला माणूस म्हणजे पिएर-पॉल रिके, बेझिए गावचा, मिठावरचा कर वसूल करण्याच्या मक्त्यात पैसा केलेला. परवानगी चौदाव्या लुईची, पण रिकेने स्वतःची संपत्तीही यात ओतली आणि कालवा खुला व्हायच्या काही महिने आधी, 1680 मध्ये, तो वारला.

दोन समुद्रांना जोडणारा कालवा काढायची कल्पना त्याच्या आधीही अनेकांना सुचली होती. अडत होतं ते पाण्यापाशी. मधे उंचवटा आहे. बोट चढवायची तर लॉक लागतात, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद: बोट आत घ्यायची, दार लावायचं, वरून पाणी सोडायचं, बोट वर येते. पण प्रत्येक वेळी हौदभर पाणी उताराकडे निघून जातं. माथ्यावरून दोन्ही बाजूंना असं पाणी सतत जात राहिलं तर माथा कोरडा पडणार. तेव्हा सर्वांत उंच जागी बारमाही पाणी आणायचं कुठून?

रिकेने ते उत्तरेकडच्या मोंतान्य न्वार डोंगरातून आणलं. डोंगरातले ओढे अडवले, सॅं-फेरेओलला मोठं धरण बांधलं आणि तिथून एक अरुंद पाट काढून पाणी नोरुझच्या खिंडीत सोडलं. ही खिंड समुद्रसपाटीपासून 189 मीटरवर आहे. इथून अर्धं पाणी अटलांटिककडे जातं, अर्धं भूमध्य समुद्राकडे. सायकलवर तुलूझहून इथवरचा चढ पन्नासेक किलोमीटरमध्ये जेमतेम 57 मीटर, त्यामुळे आपण दोन समुद्रांमधला माथा गाठला हे पायांना कळतसुद्धा नाही.

बहुतेक सायकलस्वार नोरुझला फोटो काढून पुढे कास्तेलनोदारीला निघून जातात. तुम्ही इथे डावीकडे वळा. हीच माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. तो पाट, ज्याला तिथे रिगोल म्हणतात, धरून उलट दिशेने रेव्हेलकडे जा. चाळीसेक किलोमीटरची, झाडीतून वळणं घेत जाणारी मातीची वाट आहे. पाट इतका अरुंद की जोरात उडी मारली तर पलीकडे पोचाल असं वाटतं. पाणी तुमच्या समोरून येत असतं. एका बाजूला गव्हाची आणि सूर्यफुलांची उघडी शेतं, दुसऱ्या बाजूला गर्द सावली. हेच पाणी पुढे कालव्यातल्या मोठमोठ्या बोटी उचलणार आहे, हे त्या चिंचोळ्या धारेकडे बघून खरं वाटत नाही. रेव्हेलच्या चौकात मध्ययुगीन लाकडी खांबांची बाजारपेठ अजून उभी आहे. तिथून धरणाकडे छोटा पण खरा चढ लागतो, आणि इतके दिवस सपाटीवर आळसावलेल्या पायांना तो फार बरा वाटतो. वर ले कामाझ गावाजवळ डोंगरातला पाट बोगद्यातून जातो, तोही बघा. परत यायला दुसरा रस्ता घेतलात तर या फेरीला दोन दिवस लागतील. पण पुढचा सगळा कालवा तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

आता वाटेबद्दल. तुलूझपासून साधारण पन्नास किलोमीटर उत्तम डांबर आहे. पुढे ओद जिल्ह्यात बराचसा भाग मातीचा: कुठे हातभर रुंदीची पायवाट, कुठे झाडांची मुळं वर आलेली, कुठे सुधारलेला तुकडा. पाऊस पडून गेला असेल तर चिखल चाकात भरतो. डांबरावर रोज साठ किलोमीटर आरामात होत असतील तर इथे चाळीस धरा. काहीजण या भागात शेजारचे छोटे रस्ते घेतात आणि त्यात काहीही गैर नाही. मिनर्व्ह्वाच्या द्राक्षमळ्यांतले रस्ते सुंदर आहेत आणि दर पाच-सात किलोमीटरला गाव लागतं.

म्हणून टायर किमान 35 मिलिमीटर रुंद घ्या, 40 असेल तर अधिक चांगलं. हवा थोडी कमी ठेवा. पुढे सस्पेन्शनची गरज नाही. सामान मागच्या दोन पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगांमध्ये, मावेल इतकंच न्या, कारण अरुंद वाटेवर रुंद बॅगा झुडपांना अडकतात, आणि लॉकपाशी पायऱ्या किंवा आडवे लावलेले खांब आले की भरलेली सायकल उचलावी लागते. घंटी मात्र हवीच. या वाटा मुळात बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी होत्या. आता त्यावर चालणारे, पळणारे, गळ टाकून बसलेले लोक असतात. पुलाखाली वाट अरुंद होते आणि समोरचं दिसत नाही. तिथे वेग कमी करून घंटी वाजवा, समोरच्याला आधी जाऊ द्या.

वाऱ्याचा विचार नकाशाइतकाच करा. ओद खोऱ्यात वायव्येकडून येणारा सेर नावाचा कोरडा वारा वर्षात बरेच दिवस वाहतो. पश्चिमेकडून पूर्वेला निघालात तर तो पाठीशी असतो. बोर्दो ते सेत ही दिशा मी सांगतोय त्याचं मुख्य कारण हेच. उलट ओतां नावाचा वारा आग्नेयेकडून येतो आणि तुलूझ-नोरुझ पट्ट्यात फार जोर धरतो. तो सुटला तर मुक्काम वाढवा, त्याच्याशी झुंजू नका. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत चांगले.

एक दुःखाची गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तिथे पोचल्यावर धक्का बसणार नाही. या कालव्याच्या प्रत्येक फोटोत दोन्ही काठांना प्लेन वृक्षांची कमान दिसते. अशी सुमारे 42,000 झाडं होती. 2006 मध्ये कालव्यावर बुरशीजन्य रोग सापडला आणि त्यावर उपाय नसल्याने लागण झालेली झाडं तोडून जाळावी लागली. आता जागोजाग नवी, वेगळ्या जातींची रोपं लावली आहेत. कार्कासोनच्या पुढे त्रेबच्या बाजूला काही लांब पट्टे अगदी उघडे आहेत. ऊन थेट अंगावर येतं, जास्त पाणी जवळ ठेवा. एका बाजूला शंभर-दीडशे वर्षांचा ओंडका कापल्याची खूण आणि तिच्यामागे काठीला बांधलेलं कोवळं झाड, हे बघत जाताना मन भरून येतं.

लॉक बघताना एक करा: थांबून त्यांचा आकार बघा. कानाल द्यु मिदीवर ते लंबवर्तुळाकार आहेत. सुरुवातीच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने ढासळल्यावर रिकेने भिंती बाहेर फुगवट्याच्या केल्या. कमानीसारखा आकार मातीचा भार पेलतो. हिरवट, बुळबुळीत दगड, दरवाजाच्या फटीतून फवारणारं पाणी, दोर सावरत धावणारी बोटीवरची माणसं. पाणी भरायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात बाटली भरून घ्या.

बेझिएच्या आधी तर पन्नासहून जास्त किलोमीटर एकही लॉक नाही. कालवा एकाच उंचीची रेघ धरून डोंगरांना वळसे घालत जातो, त्यामुळे समोर दिसणाऱ्या गावाला पोचायला तासभर लागतो. कंटाळा येण्याची जागा हीच, आणि कालवा सोडण्याची दुसरी हक्काची जागाही हीच. कापेस्तांच्या पुढे आन्सेरुन टेकडीवर चढा. वरून मोंतादी दिसतं: तेराव्या शतकात निचरा करून कोरडं केलेलं तळं. त्यातली शेतं मधल्या एका बिंदूपासून चारी बाजूंना निघालेल्या पाचरींसारखी आहेत, कारण सगळं पाणी मधोमध गोळा करून भुयारातून बाहेर काढलं होतं. टेकडीच्या पोटात तीन मजले आहेत: सर्वांत खाली ते मध्ययुगीन भुयार, त्यावर रेल्वेचा बोगदा, त्याच्यावर रिकेचा 1679 चा माल्पास बोगदा. कालव्याचा हा बोगदा दीडशे मीटरहून थोडा लांब, आतून खडबडीत. पायी आत जाता येतं.

तिथून फॉन्सेरानची लॉकची उतरंड जवळच आहे. एकाखाली एक हौद, बोटी एकवीस मीटरहून जास्त खाली जातात, समोर बेझिएचं कॅथेड्रल. दुपारी गर्दी असते, सकाळी जा.

आग्दनंतर समुद्र आणि तळं यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावरून सेतपर्यंत सायकलवाट आहे. इथे सावली अजिबात नाही, वारा भरपूर.

दुसऱ्या टूरचं आत्ताच बघायचं असेल तर अमेरिकेतला चेसापीक अँड ओहायो कालवा मनात ठेवा. वॉशिंग्टन ते कंबरलंड 297 किलोमीटर, 74 लॉक, आणि ठरावीक अंतरावर तंबूसाठी मोफत जागा. या काठावरून मोटाररस्ता न्यायचा बेत होता. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस त्याविरुद्ध ही संपूर्ण वाट चालले, आणि 1971 मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली. कंबरलंडहून जुन्या रेल्वेमार्गाने पिट्सबर्गपर्यंत पुढे जाता येतं. पण तिथे मुक्काम-सामान सगळं बरोबर न्यावं लागतं, म्हणून पहिल्या टूरला मी तो सांगत नाही.

बोर्दो-सेत मार्गाचा मोठा फायदा असा की बोर्दोनंतरचा पहिला टप्पा सोडला तर जवळजवळ सगळ्या मार्गाला समांतर रेल्वे आहे. थकलात, पाऊस लागला, सायकल बिघडली, तर जवळच्या स्टेशनावरून टीईआर ही स्थानिक गाडी मिळते आणि तिच्यात सायकल नेता येते. गर्दीच्या हंगामात जागा मर्यादित असते, म्हणून सकाळची गाडी धरा. लांब पल्ल्याच्या गाडीत मात्र सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते. सेतहून परतीचं हे आरक्षण निघायच्या आधीच करून टाका, आणि त्यात रिगोलच्या फेरीसाठी दोन दिवस जास्त धरा.