दर विचारला की ‘डीएम करा’ कशाला?

प्रश्न: वसमत तालुक्यात आमची हळद असते. बरीचशी हळकुंडं मोंढ्यात जातात, थोडी घरी ठेवून मी पावडर करून विकते. भाच्यानं इन्स्टाग्रामवर पेज काढून दिलंय. एक रील तर लाखाच्या वर लोकांनी पाहिली. ‘छान’, ‘मस्त’, ‘किंमत?’ असं खाली लिहितात, पण ऑर्डर म्हणाल तर ओळखीच्यांच्याच. भाचा म्हणतो, मामी, रोज रील टाका. घरचे म्हणतात, मोबाईलचा नाद सोड. मी काय करू?
– एक वाचक भगिनी, जि. हिंगोली

उत्तर: ताई, सोडू नका. आणि रोज रील टाकायचीही गरज नाही.

पत्रात तुम्ही पेजचं नाव दिलं होतं, म्हणून मी ते सगळं बघितलं. चमच्यातून पिवळीधमक पावडर हळूहळू सांडतेय, मागं हिंदी गाणं. दिसायला सुरेख आहे. पण हळद कुठल्या गावची, पाकीट किती वजनाचं, कितीला, कुणाला फोन करायचा, यातलं काहीच त्यात नाही. आणि ज्या ज्या माणसानं ‘किंमत?’ विचारली, त्याला भाच्यानं एकच उत्तर दिलंय: ‘डीएम करा’, म्हणजे खासगी मेसेज टाकून विचारा. तुमची ऑर्डर तिथंच अडली आहे.

माझं अंबाजोगाईत मसाल्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं काळ्या तिखटाचा भाव विचारला आणि मी म्हणाले, ‘जरा आत या, कानात सांगते’, तर ते पुढच्या दुकानात जाईल. मोबाईलवरचं गिऱ्हाईक त्याहून उतावीळ असतं. त्याला जायला पायरीसुद्धा उतरावी लागत नाही.

दर उघड लिहायला आपल्या बायका दोन कारणांनी कचरतात. एक, शेजारचा बघेल. बघू द्या की. वसमतच्या, हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा काय भाव निघाला हे संध्याकाळपर्यंत गावोगाव माहीत असतं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? दुसरं कारण खरं आहे: किराणा दुकानातल्या पाकिटापेक्षा आपली महाग दिसेल. हो, दिसेल. ज्याला नुसती स्वस्त पाहिजे तो तेवढं वाचून जाईल आणि तुमचा वेळ वाचेल. जो थांबेल तो विचारेल, ‘एवढी महाग का?’ या प्रश्नाची वाट बघायची, ताई, कारण त्याचं उत्तर तुमच्याइतकं चांगलं कुणाकडंच नाही.

ते उत्तर बोलून नको, दाखवून द्या. शंभर किलो ओली हळद शिजवून वाळवली की साधारण वीस किलो हाती राहते. शहरातल्या गिऱ्हाइकाला हे ठाऊकच नसतं. काढणीच्या दिवसांत ओल्या हळदीची एक पाटी काट्यावर ठेवा, आकडा दिसू द्या. तीच हळद शिजून, उन्हात पंधरा-एक दिवस वाळून, ढोलात पॉलिश होऊन आली की पुन्हा त्याच काट्यावर ठेवा. गाणं नको, तुमच्याच आवाजात सांगा: ‘एवढ्याची एवढी झाली.’ मी इतके दिवस या कामात आहे, पण हळदीचा दर समजावून सांगणारी याहून चांगली गोष्ट मला सुचलेली नाही. मे-जूनला लागवड, जानेवारी-फेब्रुवारीपासून मार्चपर्यंत काढणी. म्हणजे त्या दोन-तीन महिन्यांत वर्षभर पुरेल एवढं चित्रण करून ठेवता येतं. आठवड्याला एक टाकलं तरी खूप झालं.

आणखी एक व्हिडिओ जरूर करा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात चमचाभर पावडर टाका आणि हलवू नका. शुद्ध हळद खाली बसत जाते आणि पाण्याला फिकट पिवळा रंग येतो. रंग मिसळलेला असेल तर पाणी भडक पिवळं होतं. घरी करायची ही चाचणी अन्नसुरक्षा प्राधिकरणानंच लोकांना सांगितलेली आहे. हळदीत मेटॅनिल यलोसारखे रंग घालतात, लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी रंग घातल्याचीही प्रकरणं झाली आहेत, म्हणून लेकराबाळांच्या आया हा व्हिडिओ शेवटपर्यंत बघतात. फक्त एक सांभाळा. ग्लासात तुमचीच हळद टाका, दुसऱ्याचं पाकीट कॅमेऱ्यासमोर आणू नका. नसती भानगड मागं लागते.

आता विक्रीचं. लाखभर लोकांनी रील पाहिली, त्यातले बहुतेक कुठले कोण तुम्हाला कळणारही नाही. पण तुमच्या नणंदेच्या सोसायटीत, भावाच्या कंपनीत, पुण्यात वाघोलीला-भोसरीला जाऊन राहिलेल्या आपल्या भागातल्या घरांत हळद लागतेच, आणि ‘गावाकडची’ म्हटलं की त्यांचा हात पुढं येतो. ही माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर भेटतात. ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’ हे वेगळं अ‍ॅप फुकट आहे. त्यात कॅटलॉग भरा: पाव किलो, अर्धा किलो, एक किलो, प्रत्येकाचा फोटो आणि प्रत्येकाखाली दर. पार्सलचा खर्च वेगळा असेल तर तोही तिथंच लिहा. शेवटी ‘कुरिअरचे एवढे वेगळे’ म्हटलं की गिऱ्हाईक गप्प होतं, हे रोजचं आहे.

एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायला ब्रॉडकास्टची यादी करता येते, एका यादीत २५६ जण बसतात. पण ज्यानं तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला तो मेसेज पोचतच नाही. मी बचत गटाच्या बैठकांना जाते तिथं बहुतेक जणींची गाडी इथंच अडलेली असते: मेसेज जातोय असं वाटतं आणि समोर काहीच येत नाही. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी टाका, ‘पुढच्या वर्षीची हळद कधी निघाली ते कळवते, माझा नंबर सेव्ह करा’, आणि खाली तुमचं नाव, गावाचं नाव. स्टेटसचंही तसंच, दोघांनी एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले असले तरच दिसतं.

पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, तुमचं नाव-पत्ता, फोन आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक पाहिजे. नोंदणी केली नसेल तर आधी ती करा, रील नंतर. आणखी एक: वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या हळदीला लावता येतं, त्याचा आपल्या सगळ्यांनाच अभिमान आहे. पण ते चिन्ह पाकिटावर छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. तुमच्या भागात शेतकऱ्यांनी मिळून काढलेली उत्पादक कंपनी असेल तर तिथं चौकशी करा. तोवर ‘आमच्या शेतातली हळद’ आणि गावाचं नाव एवढं लिहिलं तरी त्याला वजन आहे.

भाच्याला रागावू नका. त्याचा हात कॅमेऱ्यावर चांगला आहे. त्याला एवढंच सांगा: आजपासून ज्यानं दर विचारला त्याला तिथंच, सगळ्यांसमोर दर लिहायचा. जुन्या रीलखाली राहिलेल्यांनाही आता लिहा. उशिरा का होईना, कुणीतरी वाचतंच.

प्रश्न: जालन्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. एक जण पाच हजारांत दहा हजार फॉलोअर मिळवून देतो म्हणतोय. घ्यावेत का?
– एक वाचक, जालना

उत्तर: दादा, अजिबात नको. ते फॉलोअर कुठल्या मुलखातले असतात देव जाणे, त्यातली एकही बाई ब्लाऊज शिवायला जालन्यात येणार नाही. उलट तुमचे व्हिडिओ अशा मेलेल्या खात्यांपुढं जातात आणि खऱ्या बायकांपर्यंत पोचत नाहीत.

गूगलवर दुकानाची नोंद करा, ती फुकट आहे. नकाशावर दुकान, उघडायची-बंद करायची वेळ, फोन आणि तुम्ही शिवलेल्या ब्लाऊजचे फोटो. मागून-पुढून दोन्ही घ्या, गळ्याची शिलाई जवळून दिसू द्या. बाई तेच बघते. गिऱ्हाईक खूश होऊन कपडे घेऊन चाललं की तिथंच विनंती करा, ‘ताई, गूगलवर दोन ओळी लिहा’. विकतचे अभिप्राय घेऊ नका.

पैसे खर्चायचेच असतील तर महालक्ष्म्यांच्या आधी महिनाभर आणि लग्नसराईत, जालना शहर आणि भोवतालचा थोडाच भाग निवडून सोशल मीडियावर जाहिरात द्या. रोज थोडी रक्कम ठरवता येते. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशोबात धरा. शिलाईचा दर आणि कपडे किती दिवसांत मिळतील हे जाहिरातीतच लिहा. दिवस लिहिलात की ते पाळणं आलं.

प्रश्न: भूम तालुक्यात आमचा खव्याचा आणि पेढ्याचा धंदा आहे. फेसबुकवर नंबर टाकल्यावर ‘मिलिटरी कॅम्पमधून बोलतोय’ म्हणत एकानं वीस किलोची ऑर्डर दिली. अ‍ॅडव्हान्स देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि स्कॅन करून पिन टाका म्हणाला. मला शंका आली, फोन ठेवून दिला. बरोबर केलं ना?
– एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर: भाऊ, शंभर टक्के बरोबर केलं. पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. लष्कराचं नाव सांगितलं की आपला माणूस विश्वास ठेवतो, म्हणून हे लोक तेच नाव घेतात. कुंथलगिरीच्या खव्याचं नाव मोठं, त्यामुळं तुमच्या भागात असे फोन यापुढंही येतील. घरात मोबाईल जो जो उचलतो, त्याला हे सांगून ठेवा, म्हाताऱ्या माणसांना तर आधी. कुणी फसलंच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितका लवकर, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

मोठ्या ऑर्डरला अर्धी रक्कम आधी घ्या. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट धरू नका, तो खोटा बनवता येतो. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली की मगच भट्टी पेटवा. पेढा नाशवंत आहे, म्हणून कधी केला आणि किती दिवसांत खायचा हे डब्यावर आणि पोस्टमध्येही लिहा. उन्हाळ्यात पुण्याचा डबा रात्रीच्या गाडीनंच पाठवा, दिवसाच्या नको, आणि गाडीचा नंबर गिऱ्हाइकाला लगेच व्हॉट्सअ‍ॅप करा.