‘कोपऱ्याचं वजन’ की ‘चाकावरचा भार’?

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. ट्रॅकवर पळवायच्या गाडीची उंची आणि चार चाकांवरचं वजन कसं जुळवायचं, याची माहिती ते मराठीत लिहीत आहेत. त्यांचं वाक्य असं: ‘राइड हाइट बदलल्याने उजव्या पुढच्या कोपऱ्याचे वजन वाढते, त्यामुळे क्रॉस वेट तपासून सर्व कोपऱ्यांचे वजन समान करा.’ हे वाचून त्यांच्या मित्राने विचारलं, ‘वजन कमी असलेल्या कोपऱ्यात नेमकं काय ठेवायचं? वाळूची पिशवी की लोखंडाचा तुकडा?’ तेव्हापासून ‘कॉर्नर वेट’ला, म्हणजे एकेका चाकाखालच्या काट्यावर दिसणाऱ्या आकड्याला, चांगला मराठी शब्द कोणता, हे ते शोधत आहेत.

मित्राचं काही चुकलं नाही. मराठीत ‘वजन वाढवा’ म्हटलं की काहीतरी आणून घालायचं, हाच अर्थ निघतो. इथे मात्र गाडीत काही घालायचं नाही आणि काही काढायचंही नाही. म्हणून ‘कोपरा’ या शब्दाच्या आधी मी ‘वजन’ या शब्दाकडे वळतो, खरी अडचण तिथे आहे.

आपल्याकडे दोन शब्द आहेत, वजन आणि भार. ‘वजन’ मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याच्या मुळाशी तोलणं, मोजणं आहे. ‘भार’ संस्कृत, ‘भृ’ म्हणजे वाहणे, धारण करणे या धातूपासून आलेला. तोलून कळतं ते वजन, कुणीतरी पेलतं तो भार. रोजच्या बोलण्यात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालून जातात. पण दोन वजनकाटे शेजारी ठेवा, एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून उभे राहा आणि जरा उजवीकडे झुका. उजवा आकडा वाढेल, डावा तेवढाच कमी होईल, बेरीज तीच राहील. आता हे मराठीत सांगून पाहा. ‘उजव्या पायाचं वजन वाढलं’ असं कुणी म्हणणार नाही. ‘उजव्या पायावर भार आला’ असंच तोंडात येईल. ‘एका पायावर भार देऊन उभा राहिला’ हे आपण शिकायला गेलेलो नसतो, ते कानावर असतं. कॉर्नर वेट म्हणजे नेमकं हेच, फक्त पाय दोनाऐवजी चार.

‘पण काटा किलोतच दाखवतो ना, मग ते वजनच नाही का?’ ही शंका रास्त आहे. काट्याला मात्र एवढंच कळतं की आपल्यावर किती दाब पडतोय. एका चाकाखालचा काटा गाडी तोलत नसतो, त्या चाकाच्या वाट्याला आलेला हिस्सा दाखवत असतो. वजन गाडीचं, भार चाकाचा.

आता ‘कोपरा’. मराठीत कोपरा बहुतेक वेळा आतला असतो: खोलीचा कोपरा, कोपऱ्यात बसणे, मनाचा एक कोपरा. गाडीच्या बाहेरच्या चार टोकांना कोपरे म्हणता येतं, पण पटकन तसं डोळ्यांसमोर येत नाही. शिवाय ट्रॅकच्या भाषेत ‘कॉर्नर’ म्हणजे वळण. तेव्हा ‘कॉर्नरचं वजन’ वाचून ‘वळणावर पडणारं वजन’ असा अर्थ कुणी घेतला तर दोष वाचणाऱ्याचा नाही. आपल्याला सांगायचंय चाकाबद्दल, तर सरळ चाकच म्हणावं. माझी पसंती ‘चाकभार’ला. एकदा ‘चाकावरचा भार, म्हणजे चाकभार’ असं फोड करून सांगितलं की पुढे अडत नाही. चाक तद्भव आणि भार तत्सम म्हणून कुणी ‘चक्रभार’ सुचवेल. अरबी जिल्हा आणि संस्कृत अधिकारी मिळून ‘जिल्हाधिकारी’ सुखाने नांदतात, मग चाकभाराला कसली हरकत?

हा फरक मला पटला तो एका गॅरेजमध्ये. गाडी चार काट्यांवर उभी होती. चालकाच्या जागी त्याच्याच वजनाचा दुसरा माणूस बसवण्यापेक्षा तो स्वतःच आत बसला होता. टाकीत ठरलेलं इंधन, टायरमध्ये ठरलेली हवा, अँटी-रोल बारचा, म्हणजे वळताना गाडी कलू नये म्हणून बसवलेल्या दांड्याचा, एक दुवा सोडलेला, कारण तो दोन चाकांना आपसांत बांधून आकडे बिघडवतो. काट्यांखालची फरशी एका पातळीत आहे ना, हेही आधी बघून घेतलेलं. मेकॅनिकने उजव्या पुढच्या स्प्रिंगखालची कॉलर, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर टेकते ती आट्यांची कडी, थोडी फिरवून वर घेतली, गाडी हाताने दोनचार वेळा दाबून हलवली आणि पडद्याकडे बोट केलं. पुढच्या उजव्या चाकाचा आकडा चार किलोंनी वाढला होता. त्याच वेळी मागच्या डाव्या चाकाचा आकडाही जवळजवळ तेवढाच वाढला होता, आणि त्या चाकाला कुणी हातही लावला नव्हता. उरलेली दोन चाकं तेवढीच हलकी झाली होती. ‘वजन’ या शब्दाने हे सांगायला गेलं तर जादू वाटते. ‘भार’ म्हटलं की डुगडुगणारं टेबल आठवतं. ज्या पायाखाली कागदाची घडी सारतो तो पाय भार घेऊ लागतो, त्याच्या तिरप्या समोरचा पायही घेतो आणि बाकीचे दोन सुटे होतात.

त्या घडीचं काम करणाऱ्या लाकडी तुकड्याला मराठीत पाचर म्हणतात, आणि अमेरिकेत अंडाकृती ट्रॅकवर गाड्या पळवणारे उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या चाकाच्या मिळून भाराला ‘वेज’ म्हणतात, म्हणजे पाचरच! पण परिभाषा म्हणून मी पाचर सुचवणार नाही. ‘पाचर मारणे’ म्हणजे कामात मोडता घालणे, हा अर्थ आपल्याकडे फार पक्का आहे. समजावून सांगताना मात्र तिचा उपयोग जरूर करा.

‘क्रॉस वेट’साठी कुणी ‘आडवा भार’ लिहितात, तो टाळा. आडवा म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, आणि वळताना बाजूने येणारा रेटा त्यात मिसळून जातो. भूमितीतला ‘कर्ण’ नेमका आहे, पण ‘कर्णभार’ ऐकल्यावर महाभारतातला कर्ण आधी आठवतो. ‘तिरपा भार’ मला सगळ्यांत बरा वाटतो. समोरासमोरच्या तिरप्या जोडीचा भार, एकूण वजनाच्या किती टक्के, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमच्या वाक्यातला ‘समान करा’. इथे शब्दापेक्षा मोठी चूक आहे. समजा चालकासह गाडी 1000 किलोंची आहे. पुढचं डावं चाक 270, पुढचं उजवं 250, मागचं डावं 230, मागचं उजवं 250. पुढे 520, मागे 480, डावीकडे 500, उजवीकडे 500. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून 480, म्हणजे तिरपा भार 48 टक्के, आणि दुसऱ्या जोडीत 520. अशी गाडी डावीकडे वळताना एक वागते आणि उजवीकडे वळताना दुसरी, आणि जोरात ब्रेक लावला की पुढच्या दोनांतलं हलकं चाक आधी फिरायचं थांबून घसरू लागतं. योग्य जुळणी झाल्यावर पुढे 260 आणि 260, मागे 240 आणि 240. चारही आकडे सारखे झाले नाहीत, होणारही नाहीत! पुढे 520 हा आकडा कॉलर कितीही फिरवली तरी हलत नाही. तो इंजिन, माणूस, टाकी कुठे बसवलीय यावर ठरतो. सारखं करायचं ते दोन तिरप्या जोड्यांच्या बेरजेला. म्हणून ‘समान करा’ऐवजी ‘जुळवा’ लिहावं. पत्रिका जुळवतात, हिशेब जुळवतात, तसेच चाकभार जुळवायचे. ‘चाकांचा समतोल साधा’ असंही लिहू नका, टायरच्या दुकानात होणारं चाकांचं बॅलन्सिंग वाचकाच्या मनात येईल.

आणि इथेच ‘वजन’ हा शब्द त्याच्या हक्काच्या जागी परत येतो. चालक एका बाजूला बसतो म्हणून डावी-उजवी बाजू मुळातच कमीजास्त असेल, तर कॉलर फिरवून ती सरळ होत नाही. बॅटरी दुसऱ्या बाजूला न्यावी लागते किंवा जास्तीचं लोखंड घालावं लागतं. तिथे खरोखर वजन हलतं, वजन वाढतं. तुमच्या मित्राची वाळूची पिशवी त्या वाक्यात शोभेल. या जास्तीच्या लोखंडाला माझ्या मते ‘पासंग’ म्हणावं. तराजूची दोन पारडी सारखी करायला हलक्या बाजूला जे लटकवत, ते पासंग. मालाशी संबंध नाही, फक्त तोलासाठी. ‘पासंगालाही पुरत नाही’ या वाक्प्रचारात हा शब्द उरला आहे, त्याला पुन्हा काम मिळालं तर मला आनंद होईल.

राहिली राइड हाइट. ती राइड हाइटच राहू द्या. ‘गाडीची उंची’ म्हटलं तर टपापर्यंतची उंची समजते. ‘जमिनीपासूनची उंची’ म्हटलं तर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचा सर्वांत खालचा भाग रस्त्यापासून किती वर आहे तो आकडा. ‘खाली लागते’, ‘तळ घासतो’ असं ज्याबद्दल बोलतो तो एकच आकडा असतो. राइड हाइट चासीवरच्या ठरावीक खुणांपासून मोजतात, पुढे वेगळी, मागे वेगळी, चार टोकांना चार आकडे. ‘बैठक’ हा देखणा शब्द मलाही सुचला होता, ‘गाडीची बैठक खाली घेतली’ असं बोलायला छान वाटतं. पण ज्या कॉलरवर स्प्रिंग टेकते तिला ‘स्प्रिंगची बैठक’ म्हणणं जास्त गरजेचं आहे. एकाच परिच्छेदात दोन बैठका आल्या की गोंधळ ठरलेला. खाली घेतलेल्या गाडीला ‘बसकी’ जरूर म्हणा.

एक गोष्ट वाक्यरचनेची. राइड हाइट आणि चाकभार एकाच कॉलरने बदलतात, म्हणून क्रम सांगावाच लागतो: आधी उंची, मग भार, मग पुन्हा उंची. नुसतं एकच टोक उचलून भार जुळवला तर तिथली उंची बिघडते. एका तिरप्या जोडीच्या बैठका थोड्या वर आणि दुसरीच्या तेवढ्याच खाली घेतल्या तर उंची साधारण जागच्या जागी राहते. कॉलर किती फिरवली ते सांगायला ‘आटे’ हा शब्द तयार आहे, ‘फेरे’ लिहायची गरज नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘राइड हाइट बदलली की चाकभारही बदलतात. उजव्या पुढच्या स्प्रिंगची बैठक वर घेतली, तर त्या चाकावरचा आणि डाव्या मागच्या चाकावरचा भार वाढतो, बाकी दोन चाकांवरचा कमी होतो. म्हणून उंची ठरवून झाल्यावर गाडी काट्यांवर घ्या, तिरपा भार पाहा, आणि दोन्ही जोड्यांची बेरीज सारखी होईपर्यंत एका जोडीला अर्धा आटा वर, दुसरीला अर्धा आटा खाली असं करत चाकभार जुळवा.’